हॉलंडची म्हातारी मुकुंदवाडीत

आमच्या अण्णांचं नाव सांडू. त्यांच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली होती. म्हणून हे जन्मले तेव्हा आजीनं त्यांना सुपात घालून दाराबाहेर ठेवलं आणि "हे म्या सांडलं" असं मोठ्यानं म्हणून ती घरात आली. शेजारणीनं पोर उचलून परत तिच्या पदरात घातलं. टाकून दिलेल्या पोराकडं मरण बघत नाही, अशी तेव्हाची समजूत. पोर जगलं आणि नावही जगलं. फुलंब्रीच्या बाजूला अण्णांच्या वयाचे चार-दोन सांडू अजून भेटतात.

मी त्यांची थोरली मुलगी, विशाखा. फुलंब्रीला शाळेवर शिकवते, शहरातून रोज ये-जा करते. अण्णा आणि आई मुकुंदवाडीला, रेल्वे स्टेशनाच्या अलीकडं, आजीनं घेतलेल्या जागेवरच राहतात.

अण्णांची उमेदीची सगळी वर्षं गेली ती एका फोटो स्टुडिओत. गुलमंडीच्या एका बोळात, लाकडी जिना चढून वर गेलं की नूर स्टुडिओ होता. फोटो काढायचे मालक, मुईनभाई. अण्णांचं काम त्याच्या पुढचं, रिटचिंगचं. आता मोबाईलवर बोट फिरवलं की चेहरा गुळगुळीत होतो. तेव्हा ते काम माणूस करायचा. खिडकीपाशी एक उतरतं मेज होतं. त्याला मधोमध काच, काचेखाली आरसा, आरशात बाहेरचं ऊन. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. कपाळावरची सुरकुती तिथं उजळ रेघ होऊन दिसते. ती पेन्सिलीनं भरून काढली की कागदावरच्या फोटोतून सुरकुती गायब. देवीचे व्रण, डोळ्यांखालचे खड्डे, बायांचं गोंदण, सगळं असंच भरून घालवायचं. मग काळ्या-पांढऱ्या फोटोवर कापसाच्या बोळ्यानं रंग चढवायचा. गाल गुलाबी, ओठ लाल, लुगडं गिऱ्हाईक म्हणेल त्या रंगाचं.

"सांडूमियाँ," मुईनभाई म्हणायचे, "चेहरे पे झुर्री रह गई तो गिराइक दुबारा नै आता."

सुट्टीत मी अण्णांबरोबर स्टुडिओत जायची. आत अंधाऱ्या खोलीतून औषधांचा आंबूस वास यायचा. फोटो काढायच्या खोलीत मागं एक रंगवलेला पडदा होता. त्यावर दौलताबादचा किल्ला, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी, कुणाच्या डोक्यातून आलं कुणास ठाऊक, दोन हंस. नवं लग्न झालेली जोडपी त्या हंसांच्या पुढं बसायची. कुणी गेलेल्या बापाचा ओळखपत्रावरचा बोटभर फोटो घेऊन यायचं, आणि अण्णा त्याचा हातभर फोटो करताना त्या माणसाला कोटही चढवायचे. न्यायला आलेली माणसं फोटो छातीशी धरून जिना उतरायची. मी जिन्यावर बसून ते बघायची. माझ्या बापाच्या हातात जादू आहे, असं मला तेव्हा वाटायचं, आणि आजही त्यात फार चूक होती असं वाटत नाही.

अण्णा त्या स्टुडिओत कसे आले, ते आजी सांगायची. आजीचं नाव पारूबाई. नवरा गेल्यावर ती गाव सोडून शहरात आली, तेव्हा सिडकोची घरं बांधायला घेतली होती. तिथं ती घमेली वाहायची. अण्णा शाळा सुटली की तिच्याकडं यायचे आणि गिलावा न झालेल्या भिंतींवर कोळशानं चेहरे काढायचे. मुकादम ओरडायचा, पण पुसायला कुणी जायचं नाही, कारण गिलाव्याखाली ते जाणारच होतं. एका चौदा एप्रिलला त्यांनी वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर बाबासाहेब काढले. मिरवणुकीचे फोटो काढायला मुईनभाई आले होते. ते भिंतीपुढं थांबले.

"ये कौन बनाया?"

लोकांनी अण्णांना पुढं ढकललं.

"कल से दुकान पे आ जा, बाबा. धूप में कायकू जलता?"

अण्णांचा हात बसला तसं मुईनभाईच म्हणाले, माँ को ले के आ. आजी आली ती कामावरूनच, नळावर तोंड धुऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून. मुईनभाईंनी तिला हंसांपुढं न बसवता साध्या भिंतीपुढं बसवलं. पुढचं सगळं अण्णांनी केलं. आजी तेव्हा चाळिशीच्याही अलीकडं होती, पण उन्हातल्या कामानं चेहरा रापून चिरा पडलेल्या. अण्णांनी त्या सगळ्या भरल्या. भुवईवर विटेची खूण होती, तीही भरली. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदणही भरलं. तेव्हा शहरातल्या बाया गोंदण काढायलाच सांगायच्या, ते खेडवळ दिसतं म्हणून. रंग चढवून, चौकट करून फोटो घरी आणला तेव्हा आजी कितीतरी वेळ बघत राहिली.

"ही कोण?"

"तू."

"मी व्हय? मग देखणी हाय की."

तो फोटो तिनं दाराच्या वर लावला आणि आल्या-गेल्याला दाखवत राहिली. ती गेली तेव्हा मी दहावीत होते. त्याच फोटोला हार घातला. खरं सांगायचं तर मला आजीचे हात आठवतात, तिच्या पदराचा वास आठवतो, बोलणं आठवतं, पण डोळे मिटले की चेहरा येतो तो फोटोतला. गुलाबी गालांचा, कोरा.

पुढं रंगीत फिल्म आली, मग कॉम्प्युटर आले. पेन्सिलीचं काम थांबलं. मुईनभाई गेले आणि वर्षभरात स्टुडिओही गेला. अण्णांनी मुकुंदवाडीत झेरॉक्सचं छोटं दुकान टाकलं आणि आम्हा दोघी बहिणींची लग्नं होईपर्यंत चालवलं. चित्र काढताना मी त्यांना कधी बघितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "ते मुईनभाईसंगं गेलं."

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आणलं. आई चहा ठेवायला गेली आणि अण्णा दारात उभे राहून वर बघत राहिले.

"विशाखा, हा रंग मी दिला?"

"कोणता?"

"मायच्या गालाला. असा रंग माणसाला अस्तो का?"

मोतीबिंदू काढला की काही दिवस सगळंच जास्त उजळ दिसतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तसं म्हटलं.  पण त्यानंतर अण्णा सगळ्यांचे चेहरे बघायला लागले. भाजीवालीचा, माझा, शेजारच्या पोरांचा. आई वैतागली. "आवो, असं टकामका काय बघता? लोक काय म्हणतील?" एक दिवस मला म्हणाले, "कातडीत निळा रंग अस्तो गं. हिरवा बी अस्तो. मला कधी दिसलाच नाय."

माझ्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी समर्थनगरात तैलरंगाच्या वर्गाला जायची. रविवार सकाळचा वर्ग. मी अण्णांना न विचारता चौकशी करून आले आणि एका रविवारी त्यांना स्कूटीवर मागं बसवून नेलं. वाटेत त्यांनी विचारलं, कुठं चाललो. मी सांगितलं. ते उतरले नाहीत, एवढंच.

वर्ग घेणारी राजनंदिनी माझ्याहून लहान. इथंच कला महाविद्यालयात शिकलेली, दौलताबादकडं तिच्या वडिलांची सीताफळांची बाग. ती कुणालाही पहिल्यांदा मनानं चित्र काढू देत नसे. जुन्या मोठ्या चित्रकाराचं एक चित्र निवडायचं आणि त्याची हुबेहूब नक्कल करायची. "आधी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला शिका," ती म्हणायची, "मग आपले उघडतात." तिनं छापील चित्रांचा गठ्ठा अण्णांपुढं ठेवला. वर्गातले बाकीचे सुंदर मुली निवडत होते, फुलांच्या टोप्यांतल्या, मोत्यांच्या माळांतल्या. अण्णांनी गठ्ठा उलटापालटा करून एक म्हातारी काढली.

रेम्ब्रांट नावाच्या डच चित्रकारानं सोळाशे चौतीस साली काढलेली त्र्याऐंशी वर्षांची बाई. अंगात काळे कपडे, गळ्याभोवती पांढऱ्या चुण्यांची भली मोठी चकती, डोक्यावर पातळ पांढरी टोपी. ती आपल्याकडं बघतच नाही. थोडी बाजूला, खाली बघते आहे, आणि पापण्या जड झाल्यात.

"काका, पहिल्याच वेळी हे अवघड जाईल," राजनंदिनी म्हणाली.

"जाऊ द्या. हिच्या कपाळावर काम लई हाय."

कागदावर आणि कॅनव्हासवर चौकोन आखून त्यांनी रेखाटन केलं. ते त्यांच्या हातचं होतं, लगेच जमलं. मग तपकिरी आणि पांढऱ्या रंगात नुसती सावली आणि उजेड बसवायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर पातळ पातळ थरांनी खरे रंग. तैलरंग वाळायला दिवस लागतात, म्हणून अण्णा कॅनव्हास घरी आणत आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवत. घरात टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास भरून राहिला. आई म्हणायची, "जवसाची चटणी करून खावी, तर हे तेल काढून म्हातारीच्या तोंडाला फासतात."

उन्हाळा लागायच्या सुमाराला अण्णांनी चेहरा पुरा केला आणि वर्गात मांडला. मी तिथंच होते. राजनंदिनी चित्रापुढं उभी राहिली, मूळ चित्राकडं बघितलं, परत अण्णांच्या चित्राकडं.

"काका, ही त्र्याऐंशीची आहे. तुम्ही हिला पन्नाशीत आणून ठेवलंत."

वर्गात कुणीतरी हसलं. अण्णा पुढं वाकले. आणि त्यांनाही ते तेव्हाच दिसलं, असं मला त्यांच्या मानेवरून कळलं. कपाळ सपाट झालं होतं. ओठांभोवतीच्या चिरा मिटल्या होत्या. डोळ्यांखालच्या पिशव्या हलक्या होऊन गेल्या होत्या. त्यांनी प्रत्येक सुरकुती घातली होती आणि घालता घालता मऊ ब्रशनं पुसून घेतली होती. हाताला सवय ती. त्या हाताला कुणी थांब म्हणून सांगितलंच नव्हतं.

 पुढच्या रविवारी अण्णा वर्गाला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. कॅनव्हास तोंड भिंतीकडं करून ठेवला. आईनं एकदा धूळ झटकायला तो फिरवला आणि मला फोनवर म्हणाली, "चांगली तर काढलीय बाई. उगंच तोंड पाडून बसलेत. म्हाताऱ्या बाईला जरा बरं दाखवलं तर काय बिघडलं?"

राजनंदिनी मग स्वतःच घरी आली. सोबत सीताफळं नव्हती, हंगाम नव्हता. घरच्या चिंचेचा गोळा आणला होता. आईला तो देऊन ती अण्णांसमोर जमिनीवर बसली.

"काका, तुमच्या हातात मऊ ब्रश असेल तोवर हे होणार नाही. तो मला द्या."

"आन् मग रंग एकमेकांत मिळवू कशानं?"

"मिळवायचंच नाही."

मग तिनं एक गोष्ट सांगितली ती अण्णा आजही सांगतात. ती म्हणाली, तुम्ही सुरकुतीला रेघ समजता. ती रेघ नाही. ती जमीन आहे. एक बारीक उंचवटा, त्याच्यावर उजेड, आणि त्याच्या पलीकडं उतार, तिथं सावली. रेघ काढू नका. उंचवट्यावरचा उजेड तेवढा ठेवा, आणि हात उचला.

"आपल्या दौलताबादच्या डोंगरावर सकाळचं ऊन पडतं ना, तसं," ती म्हणाली.

अण्णांनी ब्रश तिला दिला. मऊ होता तो, जुना, नूर स्टुडिओतला. तिनं तो पर्समध्ये ठेवला.

चेहरा त्यांनी खरवडून काढला आणि परत सुरुवात केली. आता त्यांना घाई नव्हती. सकाळी खिडकीत ऊन यायच्या आधी, साधा सारखा उजेड असतो तेवढ्यात काम करायचे. मी कधी लवकर गेले तर दिसायचं, ब्रशचं टोक चित्राला लागतंय, आणि लगेच अण्णा डावा हात उजव्या मनगटावर ठेवतायत. पुसायला जाणारा हात धरून ठेवायचे. एकदा म्हणाले, "रेम्ब्रांट हे काढला तवा अठ्ठावीस वर्सांचा होता म्हणे. त्या पोराला म्हातारपण कसं कळलं गं?"

"त्यानं नुसतं बघितलं असेल."

"बघितलं तर मी बी. जन्मभर काचेवर वाकून तेच बघितलं. पन मी बघायचो ते मिटवायला."

पावसाळ्यात म्हातारी पुरी झाली. मूळ चित्राच्या शेजारी ठेवली तर कुणालाही कोणती खरी ते कळेल, पण ती त्र्याऐंशीची होती यात शंका नव्हती. राजनंदिनी अण्णांच्या पाया पडायला वाकली, आणि अण्णा मागं सरकले. "आवो नाय नाय, गुरू तुमी," म्हणाले.

चित्र घरी आलं, पुढच्या खोलीत लागलं. आणि मग वस्तीतल्या बाया बघायला यायला लागल्या. मुकुंदवाडीत ही कुणाची कोण, हा पहिला प्रश्न. सगळ्यांत जास्त वेळ बसली ती चतुराबाई. आजीच्या जोडीनं सिडकोच्या कामावर घमेली वाहिलेली ही बाई. वय कुणालाच नक्की ठाऊक नाही, तिलाही नाही. ती आमच्या गल्लीतच राहते, आणि अण्णांना अजून पोरासारखं बोलते.

"सांडू, ही कोन्या गावची?"

"हॉलंडची, मावशी. लांब हाय ते."

"आन् गळ्यात हे काय घातलंय? गोधडीची घडी?"

"तशी फॅशन व्हती तिकडं."

"म्हातारी हाय का गेली?"

"जाऊन चारशे वर्सं व्हत आली."

चतुराबाई पुढं सरकली. नाक चित्राला लागेल इतकी पुढं. "आन् तरी डोळं वल्लं हायती बघ."

अण्णांनी दाराच्या वरच्या आजीच्या फोटोकडं बघितलं. मग त्यांनी तिला विचारलं, "मावशी, मायच्या हनुवटीला ठिपके किती व्हते? तीन का चार?"

फोटोत ते नव्हते. त्यांच्याच हातानं गेले होते. आणि आता त्यांना आठवत नव्हते. मलाही नाही, आईलाही नाही. मला कळलं की हॉलंडची म्हातारी जमल्यापासून अण्णांच्या मनात आजीचं चित्र काढायचं होतं आणि ते इथं अडलं होतं.

चतुराबाईनं आपली हनुवटी पुढं केली. "हे बघ की. माझ्यावानीच. पारूचं नि माझं एकाच जत्रंत गोंदलं, एकाच बाईनं. ती आधी बसली, मग मी. लई रडली ती. म्या नाय रडले." तीन ठिपके होते. कपाळावर भुवयांच्या मध्ये बारीक चंद्रकोर आणि तिच्याखाली एक ठिपका. सगळं निळसर हिरवं, कातडीत मुरलेलं.

"मावशी, बसतेस का माझ्यापुढं? दोन-चार दिस. मला ते नीट बघून घ्यायचंय."

"बसते की. मला काय काम हाय?"

अण्णांनी नवा कॅनव्हास लावला. मला वाटलं, आता आजीचं चित्र होणार. चतुराबाई सकाळी यायची, खुर्चीत बसायची, बोलायची, बोलता बोलता झोपायची. अण्णा काढत राहायचे. आजीबद्दलच्या अशा अशा गोष्टी निघाल्या ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. आजी घमेलं डोक्यावर घेऊन शिट्टी वाजवायची म्हणे, आणि मुकादम कोण वाजवतं ते शोधत फिरायचा. आई स्वयंपाकघरातून हसायची.

काही दिवसांनी मी गेले तर कॅनव्हासवर आजी नव्हती. चतुराबाई होती.

"अण्णा, आजीचं काढणार होतात ना?"

त्यांनी ब्रश कपड्याला पुसला. "माय समोर नाय. मावशी समोर हाय. नसलेलं काढलं तर पुन्हा मनाचंच व्हईल. ते म्या एकदा केलं."

"मग तो फोटो? त्यावर गोंदण काढता येईल आता."

"तो तसाच राहू दे. तिला आवडला व्हता."

चित्र पुरं व्हायला दिवाळी उजाडली. अण्णांनी काही सोडलं नव्हतं. एका डोळ्यावर आलेला पांढुरका पडदा, दाढा नसल्यानं ओठांच्या कोपऱ्याशी पडलेली खोबण, पदराच्या काठाशी मानेची सैल कातडी. हनुवटीवरचे तीन ठिपके सुरकुत्यांत वाकडे झालेले होते, तसेच वाकडे. मला धाकधूक होती. गालाला गुलाबी रंग देऊन फोटो घरी नेणाऱ्या किती बाया मी जिन्यावर बसून बघितल्या होत्या. म्हाताऱ्या बाईला आपलं म्हातारपण एवढं मोठं करून दाखवलं तर काय वाटेल?

चतुराबाईला तिच्या नातसुनेनं, संस्कृतीनं, हाताला धरून आणलं. अण्णांनी चित्रावरचं फडकं काढलं. चतुराबाई उभीच राहिली. मग हळूहळू खाली बसली, चित्राच्या समोर, मांडी घालून. हात पुढं केला, पण लावला नाही. रंग ओला असतो हे तिला आता ठाऊक झालं होतं.

"ही तर माझी माय हाय," ती म्हणाली.

तिनं मान थोडी वाकडी करून बघितलं.

"अशीच बसायची. अशीच मान करून. लई वर्सं झाली तिला जाऊन. तिचा फोटो नव्हता, काय नव्हतं. मला वाटलं इसरले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांडू, तुला कशी दिसली रं ती?"

अण्णांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि दोघं बराच वेळ त्या चित्राकडं बघत होते. आई चहा घेऊन आली आणि तशीच दारात थांबली.

चित्र वाळल्यावर चतुराबाईच्या घरी गेलं. संस्कृतीनं ते पुढच्या खोलीत, पलंगासमोर लावलं. झालं काय, की फुलंब्रीकडचे कुणी नातेवाईक दिवाळीनंतर भेटायला आले, त्यांनी भिंतीवरचं एवढं मोठं चित्र बघितलं आणि चपला काढून गंभीर होऊन बसले. म्हातारी गेल्याचं आपल्याला कुणी कळवलंच नाही, म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. तेवढ्यात आतून चतुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. हे तिनंच आम्हाला येऊन सांगितलं, हसून हसून खोकला येईपर्यंत. "म्या म्हनलं, बसा. ती मी नाय. ती माय हाय माझी. मी हाय अजून."

या वर्षी राजनंदिनीनं वर्गातल्या सगळ्यांचं प्रदर्शन भरवलं. तिला चतुराबाईचं चित्र हवं होतं. अण्णा मागायला गेले. चतुराबाई म्हणाली, "दोन दिस? दोन दिस मी भिंतीकडं बघून काय करू?" अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. प्रदर्शनात हॉलंडची म्हातारी एकटीच गेली. खाली पाटीवर लिहिलं होतं, नक्कल: सांडू हिवराळे. अण्णा इस्तरीचा पांढरा शर्ट घालून तिच्या शेजारी दिवसभर उभे होते, आणि कुणी कौतुक केलं की म्हणत होते, "आवो, माझं नाय. मी नुसतं शिकत व्हतो."

सध्या ते आईला काढायच्या मागं आहेत. आई चेहरा काढू देत नाही, म्हणते मला तुमच्या त्या डोळ्यांचा भरवसा नाय. म्हणून मेथी निवडायला बसली की ते समोर वही घेऊन बसतात आणि तिचे हात काढतात. तेवढं तिला चालतं.